चौल-रेवदंडा : फेरी खाडीपासून सुरू व्हावी

रेवदंड्याची पायी फेरी बहुधा पोर्तुगीज तटबंदीत सुरू होते आणि तिथेच संपते. त्यामुळे इतिहास अर्धाच कळतो, कारण किल्ल्यामुळे बंदर वसलं नाही, बंदरामुळे किल्ला उभा राहिला. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या ग्रंथातलं सिमुल्ला हे रेवदंड्यालगतचं चौलच, असं अभ्यासक मानतात. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन विक्रीसाठी घोडा घेऊन इथेच उतरला. पोर्तुगीजांनी किल्ला बांधला तो त्यानंतर, सोळाव्या शतकात. म्हणून फेरीची सुरुवात कुंडलिका नदीच्या खाडीमुखाशी व्हावी. तिथे उभं राहिलं, की समोरच कोर्लईचा डोंगरी किल्ला दिसतो. दोन्ही तीर ज्याच्या हाती, जहाजांची वाट त्याच्या हाती, हे तिथे नकाशाशिवाय उमगतं.

कुणी म्हणेल, वखारी गेल्या, नारळी-पोफळीच्या वाड्यांत आता पाहायचं काय? आक्षेप खरा, पण अपुरा. व्यापाराबरोबर आलेल्या माणसांच्या खुणा अजून आहेत. रेवदंड्यात बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. कोर्लईत मराठीचा संस्कार झालेली पोर्तुगीज बोली आजही घराघरांत ऐकू येते. चौलच्या रामेश्वर मंदिरापुढची बांधीव पुष्करणी जुन्या नगराच्या वैभवाची साक्ष देते. तटातला उंच सातखणी मनोरासुद्धा मुळात चर्चचा. १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला, हेही सांगावंच. मात्र फक्त लढाया सांगून हे गाव समजत नाही. रेवदंड्याला जाल तेव्हा वाटाड्याला आधी खाडीवर न्यायला सांगा.