सामूहिक संगणक-खेळांचा मेळावा



सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुका आज ऊस आणि कापड या दोन धंद्यांवर उभा आहे. एकीकडे चलथाणचा सहकारी साखर कारखाना, तर दुसरीकडे कडोदरा, वरेली, तांतीथैया, जोळवा या पट्ट्यातील यंत्रमाग आणि रंगाई-छपाईचे कारखाने. उधना-जळगाव हा तापी खोऱ्याचा लोहमार्ग याच तालुक्यातून जातो. त्याच मार्गाने धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे सुरतेच्या परिसरात येऊन स्थिरावली. मागावर बारा तासांची पाळी करून आलेला बाप निजलेला आहे, आई कामात आहे आणि खोलीच्या कोपऱ्यात मुलगा मोबाइलवर डोळे लावून बसलेला आहे, हे दृश्य या वस्त्यांतील शिक्षकांच्या चांगलेच परिचयाचे आहे.

या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष गेले नाही असे नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये गुजरातच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांतून ‘पब्जी’ या खेळास आळा घालण्याविषयी परिपत्रक काढले. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी त्यावर बंदीचा आदेश काढला आणि काही तरुणांना अटकही झाली. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने तो खेळ देशभर बंद केला. मात्र त्यामागील कारणे निराळी, म्हणजे सुरक्षेची होती. वर्षभराच्या आत तोच खेळ थोड्या बदलाने, नव्या नावाने परत आला. मुलाच्या हातातून एक वस्तू काढून घेतली तर तिच्या जागी काय द्यावयाचे, याचे उत्तर आदेशात नसते. ते गावाला शोधावे लागते.

असे एक उत्तर म्हणजे लॅनवरील खेळांचा मेळावा होय. लॅन म्हणजे एकाच दालनातील संगणकांना तारांनी जोडणारे स्थानिक जाळे. या जोडणीची ‘इथरनेट’ ही पद्धती १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात जन्माला आली, ती कचेरीच्या कामासाठी. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा खेळ निघाला आणि चार जणांना असे जाळे वापरून एकत्र खेळता येऊ लागले. तेव्हापासून तरुण मंडळी आपापले संगणक उचलून एका ठिकाणी जमू लागली. स्वीडनमधील मालुंग या लहानशा गावी शाळेतील काही मित्रांनी असेच जमण्यास सुरुवात केली; १९९४ साली त्यांचा मेळावा शाळेच्या उपाहारगृहात भरला. त्यातूनच ‘ड्रीमहॅक’ हा जगप्रसिद्ध मेळावा वाढला. शाळेची खोली आणि परस्परांवरील विश्वास एवढेच त्यांचे भांडवल होते, ही गोष्ट पलसाण्यासारख्या ठिकाणी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

या मेळाव्यास इंटरनेट लागत नाही. प्रतिस्पर्धी समोर बसलेला असतो, त्याचे नाव-गाव ठाऊक असते, आणि हरल्यावर त्याच्याच बरोबर चहा प्यावयाचा असतो. घरी एकटा खेळणारा मुलगा रात्री दोन वाजता थांबतो की चार वाजता, हे कोणासही कळत नाही. येथे ते सर्वांना दिसते. शिवाय पैशाचा शिरकाव होण्यास वाव राहत नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, निषिद्ध ठरविले आहेत. स्पर्धात्मक ई-क्रीडेस मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. तेव्हा प्रवेशशुल्क घ्यावयाचे झाल्यास ते वीज आणि अल्पोपाहार यांच्या खर्चापुरतेच असावे. बक्षीस पुस्तकाचे किंवा चषकाचे द्यावे. जमलेल्या शुल्काची रक्कम विजेत्यास वाटण्याची प्रथा पडू लागली की त्या मेळाव्याचा अड्डा होण्यास वेळ लागत नाही.

आता व्यवस्थेकडे वळू. मेळाव्याचे यश संगणकांवर अवलंबून असते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते वीज आणि दरवाजे यांवर अवलंबून असते.

२४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीस आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग होता. खाली उतरण्याच्या जिन्यातूनच आग वर आली. अनेक मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. बावीस विद्यार्थी प्राणास मुकले. पाच वर्षांनी, २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या एका खेळघरात वेल्डिंगच्या ठिणग्यांनी आग भडकली. तेथे पंचवीसहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत बालकेही होती. दोन्ही घटना उन्हाळी सुटीतल्या, आणि दोन्ही ठिकाणी मुले सुरक्षित आहेत अशाच समजुतीने पालक निर्धास्त होते.

म्हणून जागा तळमजल्याचीच हवी. तिला समोरासमोर दोन दारे असावीत आणि मेळावा चालू असेपर्यंत कोणत्याही दारास कडी वा कुलूप असू नये. चपलांचे ढीग, सायकली, खुर्च्यांच्या चवडी दारापाशी साचतात, त्या साचू देऊ नयेत. विजेच्या आगीवर पाणी मारावयाचे नसते; कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे जवळ ठेवून ते चालविता येणारी दोन माणसे नेमून द्यावीत. मंडपाचे कापड आणि थर्माकोलची सजावट यांचा मोह येथे सोडलेलाच बरा.

विजेचा हिशेब शाळेतील आठवीच्या विद्यार्थ्यासही करता येईल असा आहे. खेळासाठी वापरला जाणारा एक संगणक पडद्यासह सुमारे ३०० वॅट घेतो असे धरावे. चोवीस संगणकांचे ७,२०० वॅट होतात. २३० व्होल्टने भागले असता हा प्रवाह ३१ अँपिअरच्या पुढे जातो. शाळेच्या खोलीतील साधे प्लगचे ठिकाण ६ अँपिअरचे, म्हणजे जेमतेम १,३८० वॅटचे असते. त्यावर चार संगणक ही कमाल मर्यादा. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा खोचण्याची सवय येथे जिवावर बेतू शकते. तीन फेजची जोडणी असल्यास प्रत्येक फेजवर आठ संगणक टाकावेत, म्हणजे प्रत्येकीवर साडेदहा अँपिअरच्या आसपास भार येतो. पंखे आणि कूलर यांचा भार निराळा मोजावा. भूसंपर्क तपासून घ्यावा आणि गळतीच्या वेळी प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण मुख्य फलकावर बसवून घ्यावे. हे काम परवानाधारक वायरमनचे आहे. गावातील कोणी हौशी मुलगा कितीही हुशार असला तरी त्याचे नव्हे.

जाळ्याची जोडणी त्या मानाने सोपी. मध्यभागी एक ‘स्विच’ ठेवावा (ही विजेची कळ नव्हे, तर तारा एकत्र आणणारी पेटी) आणि तेथून प्रत्येक संगणकाकडे तार न्यावी. तारेची लांबी शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे कोणतीही शाळा तीत बसते. मात्र दोन खोड्या नेहमी घडतात. कोणीतरी मोकळे दिसलेले टोक त्याच पेटीत परत खोचतो आणि संदेश वर्तुळात फिरत राहून सारे जाळे ठप्प होते. दुसरा कोणी घरचा राउटर आणून जोडतो. तो स्वतःच पत्ते वाटू लागतो आणि अर्धे संगणक उरलेल्या अर्ध्यांना ओळखेनासे होतात. अशा वेळी तासभर शोध करण्यापेक्षा प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना आधीच क्रमांकाची चिठ्ठी लावलेली असली तर काम पाच मिनिटांत निभावते.

खेळांची निवड हा शिक्षकांचा विषय आहे. अलीकडच्या बहुतेक गाजलेल्या खेळांना इंटरनेट अनिवार्य झाले आहे आणि चोरीच्या प्रती शाळेच्या छपराखाली चालविणे शोभत नाही. विनामूल्य आणि मुक्त परवान्याचे खेळ मात्र उपलब्ध आहेत. ‘सुपरटक्सकार्ट’ ही गाड्यांची शर्यत साध्या संगणकावरही चालते. ‘झिरो ए. डी.’ या प्राचीन राज्यांच्या खेळात मौर्यांचे राज्यही आहे. इतिहासाच्या शिक्षकास त्यातून तासाची सामग्री मिळेल, आणि चुका काढण्याचा आनंदही. बंदुकीचे खेळ लहान मुलांच्या सत्रात नसावेत. खेळ आठवडाभर आधी संगणकांत भरून ठेवावेत, कारण ऐन वेळी ते उतरवून घेण्यातच पहिला दिवस निघून जातो.

दिवस ठरविताना पंचांग पाहावे. उत्तरायणाच्या सुमारास गुजरातेत एकही मूल छपराखाली सापडत नाही. आखाजीला खानदेशी कुटुंबे गावी जातात आणि श्रावणात कानबाईच्या रविवारी घराघरांत रोटांची गडबड असते. दिवाळीत माग बंद असतात. जी कुटुंबे गावी न जाता येथेच राहतात, त्यांच्या मुलांसाठी ती सुटी सोयीची, आणि तेव्हा वडीलही येऊन बसू शकतात. ते यावेत हे विशेष अगत्याचे. मुलींसाठी दुपारचे सत्र राखून ठेवावे, नाहीतर त्या केवळ प्रेक्षक होतात. सूचना गुजराती, मराठी, हिंदी आणि ओडिया या चारही भाषांतून द्याव्यात, कारण मागावरची वस्ती या चौघांची आहे. दर तासास दहा मिनिटे सर्व पडदे बंद ठेवावेत. लखलखत्या चित्रांनी फीट येणाऱ्या मुलांची माहिती पालकांकडून आधीच घ्यावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास कायद्याने मनाई आहे. मेळावा नऊ वाजता उठलेला चांगला, कारण पहाटेच्या पाळीस जाणारा शेजारी तेव्हा निजावयास जात असतो.

मेळावा उठल्यावर प्रथम मुख्य कळ बंद करावी आणि मगच तारा गुंडाळाव्यात. विजेच्या मीटरचा आकडा आरंभी आणि अखेरीस, दोन पालकांच्या समक्ष, फळ्यावर लिहावा. जमलेले शुल्क, वीज, चहा आणि वायरमनची मजुरी यांचा हिशेब दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर लावावा. हरवलेल्या माऊसची नोंदही त्यातच करावी. एखादा हटकून हरवतोच.