छोट्या पेढीचा सर्व्हर आणि त्याचा पहारेकरी

पेढीची खरी दौलत कोणती? गल्ल्यांतील रोकड, गोदामांतील माल, कीं दुकानाची जागा? अनुभवी व्यापारी यांपैकीं एकाचेंही नांव न घेतां कीर्द-खतावणीकडे बोट दाखवील. माल गेला तर पुन्हा भरतां येतो. पण कोणाकडून किती येणें आहे व कोणाला किती देणें आहे हेंच पुसलें गेलें, तर चालत्या पेढीला दुसऱ्या दिवशीं दार उघडणेंही कठीण होतें. म्हणून तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नाण्यांबरोबर वह्यांचीही पूजा होते.

त्या वह्या आतां बहुतेक ठिकाणीं कागदाच्या राहिल्या नाहींत. आठ-दहा माणसांच्या पेढींतही कोपऱ्यांत एक संगणक रात्रंदिवस चालू असतो आणि बाकीचे संगणक त्याला जोडलेले असतात. बिलें, उधारी, मालाचा सांठा, जीएसटीचीं विवरणपत्रें, नोकरांचे पगार, सारें त्याच्या पोटांत असतें. यालाच सर्व्हर म्हणतात. त्याच्या रक्षणासाठीं कोणता अँटीव्हायरस घ्यावा, हा प्रश्न बहुधा वर्षांतून एकदां, मुदत संपल्याचा इशारा पडद्यावर झळकला म्हणजे उपस्थित होतो, आणि बहुधा किंमत पाहून पांच मिनिटांत निकालांत निघतो. साध्या रखवालदाराला ठेवतांना त्याचें गांव व पूर्वीची नोकरी विचारणारा मालक या रखवालदाराला मात्र कांहींच विचारीत नाहीं.

या निष्काळजीपणाची किंमत केवढी असूं शकते, याचें एक उदाहरण इंग्लंडांत घडलें. नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यांत नाइट्स ऑफ ओल्ड या नांवाची मालवाहतुकीची पेढी १८६५ पासून चालत आली होती. २०२३ च्या जून महिन्यांत चोरांनीं तिच्या संगणकांत प्रवेश केला. एका कर्मचाऱ्याचा सोपा पासवर्ड ओळखून ते आंत आले असावेत, असें मानलें जातें. पेढीची सारी माहिती त्यांनीं कुलूपबंद केली व किल्लीसाठीं खंडणी मागितली. सप्टेंबरांत पेढी बुडाली आणि सुमारें ७३० माणसांची नोकरी गेली. दोन महायुद्धें पाहिलेली ही पेढी अवघ्या तीन महिन्यांत संपली.

तेव्हां कोणता पहारेकरी नेमावा हें ठरविण्यापूर्वीं, पहारेकऱ्याला काय करतां येतें व काय येत नाहीं, हें समजून घेतलें पाहिजे. अँटीव्हायरस मुख्यतः दोन रीतींनीं काम करतो. पहिली रीत ओळखीची. आजवर सांपडलेल्या घातक प्रणालींच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते, आणि येणारी प्रत्येक फाइल तो त्या यादीशीं ताडून पाहतो. पोलीसचौकींत लावलेल्या चोरांच्या तसबिरींसारखाच हा प्रकार. पण नव्या चोराची तसबीर तेथें नसते. म्हणून दुसरी रीत वर्तनाची. एखादी प्रणाली अकस्मात् शेंकडों फाइली उघडून भराभर त्यांचें रूप पालटूं लागली, तर तिचें नांव ठाऊक नसलें तरी तिचा हात धरावयाचा. खंडणीखोरांविरुद्ध ही दुसरी रीतच अधिक कामास येते. यास्तव ती सोय आहे कीं नाहीं, हें खरेदीच्या वेळीं प्रथम पाहावें.

परंतु जो चोर खऱ्या किल्लीनें दार उघडून मालकाच्याच नांवानें आंत येतो, तो आधीं पहारेकऱ्यालाच झोपवितो. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड हातीं आला कीं अँटीव्हायरस बंद करणें, हें त्याचें पहिलें काम असतें. म्हणून वेगळ्या पासवर्डावांचून जो बंदच करतां येत नाहीं, असाच अँटीव्हायरस पसंत करावा. आणि त्याहीपूर्वीं पेढीला दारें किती आहेत तीं मोजावीं.

पहिलें दार न केलेल्या दुरुस्तीचें. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाच्या घातक प्रणालीनें दीडशेंच्या आसपास देशांतील संगणक वेठीस धरले. ती ज्या भेगेंतून शिरली, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच, म्हणजे जवळ जवळ दोन महिने आधीं, प्रसिद्ध केली होती. ती ज्यांनीं वेळेवर बसविली, त्यांच्या संगणकांत तिला त्या वाटेनें शिरतां आलें नाहीं. विंडोज सर्व्हर २०१२ या आवृत्तीला नियमित दुरुस्त्या मिळणें १० ऑक्टोबर २०२३ रोजीं थांबलें. असा जुना सर्व्हर अजून चालू असेल, तर अँटीव्हायरसचा खर्च आधीं तेथें वळवावा. दुसरें दार घरबसल्या सर्व्हर चालविण्याच्या सोयीचें. हिशेबनीस घरून काम करूं शकावा म्हणून ती सोय साऱ्या जगाला खुली ठेवलेली असते, आणि तिच्यावर पासवर्ड अजमावणाऱ्यांची रीघ लागते. तिसरें दार अधिकारांचें. बिलें करणाऱ्या मुलालाही सर्व्हरचा सर्वाधिकार दिलेला असला, तर त्याला आलेलें एक फसवें पत्र साऱ्या पेढीला भोंवतें.

हीं दारें बंद झालीं म्हणजे निवडीचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. घरगुती संगणकासाठीं विकला जाणारा अँटीव्हायरस सर्व्हरवर बहुधा चढतच नाहीं, आणि चढला तरी त्याचा परवाना त्या कामाचा नसतो. सर्व्हरसाठीं म्हणून असलेली आवृत्तीच घ्यावी. विंडोज सर्व्हर २०१६ व त्यापुढील आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटीव्हायरस मुळांतच असतो. म्हणून विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न असा, कीं तुमचा माल यापेक्षां अधिक काय देतो? समाधानकारक उत्तर बहुधा एकच असतें. पेढींतील सर्व संगणकांवरचा पहारा एका पडद्यावर दिसतो. कोणाची यादी शिळी झाली, कोणाच्या संगणकावर काय सांपडलें, हें एका ठिकाणीं कळतें. रोग सर्व्हरवर क्वचितच उपजतो. तो मुनिमाच्या संगणकावरून तेथें येतो. म्हणून एकट्या सर्व्हरला पहारा बसवून भागत नाहीं. दुसरा अँटीव्हायरस घेतलाच, तर एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. साध्या विंडोज संगणकावर डिफेंडर आपण होऊन बाजूस सरतो. सर्व्हरवर तो तसा सरत नाहीं, त्याला मुद्दाम बाजूस करावें लागतें. नाहींतर एकाच देवडीवर दोन पहारेकरी एकमेकांची झडती घेत बसतात, आणि पेढीचें काम मंदावतें.

मंदपणाचें दुसरेंही कारण असतें. हिशेबाची माहिती ज्या फाइलींत सांठविलेली असते, त्या क्षणोक्षणीं बदलत असतात. प्रत्येक बदलाबरोबर अँटीव्हायरस त्या तपासूं लागला, तर एक बिल निघावयास मिनिटें लागतात, आणि मग वैतागलेला कोणी तरी तपासणीच बंद करून टाकतो. यावर उपाय म्हणजे कोणत्या फाइली वगळाव्या हें हिशेबप्रणालीच्या कर्त्यांकडून लेखी मागवून घेऊन तेवढ्याच वगळाव्या. सबंध तबकडी वगळणें म्हणजे पहारा उठविणेंच होय.

पहारेकरी अतिउत्साही असणेंही धोक्याचें. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकॅफीच्या अँटीव्हायरसनें एका सदोष यादीमुळें विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाइल घातक ठरविली, आणि ठिकठिकाणचे निरोगी संगणक पुनः पुन्हा बंद पडूं लागले. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच तो प्रकार झाला. १९ जुलै २०२४ रोजीं तर क्राउडस्ट्राइक या संस्थेच्या एका सदोष सुधारणेनें सुमारें ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. विमानें खोळंबलीं, रुग्णालयांचें काम अडलें. यांत हल्ला कोणाचाही नव्हता. संगणकाच्या अगदीं गाभ्यांत बसण्याचा अधिकार अशा प्रणालींना दिलेला असतो, त्यामुळें त्यांची चूक सर्वांच्या माथीं बसते. कुंपणानेंच शेत खाऊं नये यासाठीं नवी आवृत्ती प्रथम एका कमी महत्त्वाच्या संगणकावर, व ती निर्धोक ठरल्यावरच सर्व्हरवर चढवितां येईल, अशी सोय मागावी.

गुणांची परीक्षा जाहिरातीवरून होत नाहीं. जर्मनींतील मॅग्डेबर्ग येथील एव्ही-टेस्ट व ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था निरनिराळे अँटीव्हायरस नियमानें तपासून निकाल प्रसिद्ध करतात. एखाद्याच परीक्षेंतील पहिला नंबर पाहूं नये. चार-सहा परीक्षांत जो सातत्यानें वर आहे, आणि निरपराध फाइलींवर ज्यानें कमींत कमी आळ घेतला आहे, तो निवडावा. मग महिनाभर तो वापरून पाहावा, आणि महिनाअखेरच्या गर्दींत सर्व्हर कसा चालतो तें मुद्दाम ध्यानांत घ्यावें. पहारा जागा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आयकार या नांवाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल मिळते. ती ठेवतांच इशारा आला पाहिजे, आणि तो जबाबदार माणसापर्यंत पोंचला पाहिजे.

विक्रेत्याच्या स्थैर्याचाही विचार करावा लागतो. अमेरिकन सरकारनें २०२४ मध्यें कॅस्परस्कीच्या मालाच्या विक्रीला बंदी केली, आणि त्या वर्षाच्या २९ सप्टेंबरपासून तेथील ग्राहकांना सुधारणा पुरविण्याचीही मनाई झाली. पैसे भरलेल्या अमेरिकन पेढ्यांना मध्येंच दुसरा पहारेकरी शोधावा लागला. अडचणीच्या वेळीं दूरध्वनीवर कोण भेटेल, कोणत्या भाषेंत बोलेल, आणि कोणत्या वेळीं बोलेल, हेंही करारापूर्वीं विचारून घ्यावें. पुण्याच्या काटकर बंधूंनीं उभारलेल्या क्विक हीलसारखी संस्था जवळ असली, म्हणजे हा प्रश्न सोडविणें सोपें जातें; पण जवळच्या मालालाही वरच्या सर्व कसोट्या लावल्याच पाहिजेत.

इतकें करूनही एखादा दिवस पहारा हरणारच, असें धरून चालावें. २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधील एका हिशेबप्रणालीच्या सुधारणेंतून नॉटपेट्या ही घातक प्रणाली पसरली. मर्स्क या जहाजकंपनीचा कारभार तिनें जगभर ठप्प केला. न्हावाशेवा बंदरांतील त्या समूहाचा धक्काही त्यांत अडकला. पुढें दहा दिवसांत कंपनीला सुमारें ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले. जाळ्याची मुख्य नोंदवही ठेवणारे सर्व सर्व्हर नष्ट झाले होते. घाना देशांतील एकच वांचला. तो वांचला याचें कारण हल्ल्याच्या वेळीं तेथें वीज गेलेली होती. इतक्या मोठ्या कंपनीला जी प्रत नशिबानें मिळाली, ती छोट्या पेढीनें योजनापूर्वक ठेवावी. माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक पेढीबाहेर. शिवाय एक प्रत तरी सर्व्हरपासून सर्वस्वीं तोडलेली असावी. जोडलेली प्रत चोराच्याही हातीं लागते.

अनर्थ घडल्यास कोणी काय करावयाचें, हें एका कागदावर लिहून भिंतीला लावावें. सर्व्हरची तार कोणी काढावी, कोणाला कळवावें, रात्रीं कोणाला उठवावें, हें त्यांत असावें. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वयें अशा घटनेची वर्दी सहा तासांच्या आंत द्यावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणावयास घेणाऱ्याला सहा तास फार अपुरे पडतात.

आणि येत्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीं मालकानें मुनिमाला एवढेंच सांगावें, कीं सर्व्हरला हात न लावतां, बाहेर ठेवलेल्या प्रतींतून गेल्या वर्षींचें एक बिल उघडून दाखव. तें बिल उघडलें, तर पूजेंतील वही खरी आहे. न उघडलें, तर अँटीव्हायरसची चौकशी दुसऱ्या दिवशीं करावी. आधीं प्रत नीट करावी.