हरवलेले नाव



अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या ‘अर्थसी’ मालेतील दुसरी किशोर-कादंबरी ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’ १९७१ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका तेनार. बालपणीच तिला मुख्य पुजारीण म्हणून देवस्थानात नेतात व तिचे नावही काढून घेतात. अंधाऱ्या भुयारांचा चक्रव्यूह हेच तिचे राज्य! तेथे अडकलेला जादूगार गेड तिला तिचे मूळ नाव परत देतो; परंतु त्याला जिवंत ठेवण्याचा आणि अंधार सोडण्याचा निर्णय मात्र तिचा स्वतःचा. प्रौढत्व म्हणतात ते हेच, असे आम्हांस वाटते.

बदलीच्या नोकरीपायी परप्रांती वाढलेल्या आमच्या मुलांना मातृभाषेची ओळख हे मंडळ करून देऊ शकेल. ती आपली म्हणावी की नाही, हे त्यांनीच ठरवावयाचे आहे. तेवढा विश्वास आम्ही त्यांच्यावर ठेवला पाहिजे.