जेवण पोचलं, पगाराचं काय? सौदी ओजरवरून काय घ्यायचं

मंडळी, शुक्रवारची एक सुट्टी, तीही मी खातोय. जास्त वेळ घेत नाही.

२०१६ ची सौदी ओजर तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल. हरीरी कुटुंबाची बांधकाम कंपनी, हजारो माणसं कामाला. तेलाचे भाव पडले, सरकारकडची बिलं अडकली, आणि कात्री लागली कामगाराच्या पगाराला. महिनोन्‌महिने पगार नाही. तेव्हा कुणी फारसं हललं नाही. जुलैच्या अखेरीस जेद्दाहकडच्या कॅम्पांतली मेस बंद पडली, तेव्हा बातमी झाली.

मग मात्र आपलं कॉन्सुलेट कामाला लागलं. तिथल्या भारतीयांना सोबत घेऊन १५,४७५ किलो अन्नधान्य वाटलं. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या, राज्यमंत्री व्ही. के. सिंग स्वतः सौदीला गेले. मोठी गाठ सुटली ती एक्झिटची. कंपनीच्या सहीशिवाय एक्झिट मिळालं, घरी जायचं विमानही सौदी सरकारच्या खर्चाने. कफीलच्या सहीसाठी ज्याने हेलपाटे घातलेत त्यालाच याची किंमत कळेल.

हे चांगलं केलं, म्हणायलाच हवं. पण माणूस घरी पोचला तो रिकाम्या हाताने. स्वराजबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, आधी दावा नोंदवा, मग घरी या. हिशोब होईल तेव्हा पैसे मिळतील. वर्षभरात, ३१ जुलै २०१७ ला, कंपनीच बंद झाली. लोक पैशासाठी वर्षानुवर्षं थांबले. दावा नोंदवलेला होता त्याच्याकडे निदान भांडायला कागद होता.

म्हणून मेस बंद पडायची वाट बघू नका. पगार अडकायला लागला की तक्रार करा, सगळे मिळून करा. सौदीत नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांत तक्रार गेली पाहिजे, नंतर घेत नाहीत. आणि नुसता थकलेला पगार मागू नका. सर्व्हिसचे पैसेही तुमचेच आहेत: पहिली ५ वर्षं दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे दर वर्षाला पूर्ण महिन्याचा. राजीनामा दिला की हे कमी होतात, दोन वर्षं भरली नसतील तर काहीच नाही. तेव्हा ‘एक्झिटचा कागद आहे, सही कर’ म्हणून कुणी अरबी कागद पुढे केला, तर आधी वाचून घ्या. राजीनामा असू शकतो तो.

दोन महिन्यांच्या वर पगार अडकलाय त्यांनी चहाच्या वेळी मागच्या टेबलापाशी थांबा. इकामा, करार, बँकेचं स्टेटमेंट, जे असेल ते मोबाईलमध्ये काढून ठेवा.