पिण्याचे पाणी : नितळ आणि निर्धोक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत कोणी शिवणकामावर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. चिटणीसबाईंनी माझ्या वाट्याला पाणी हा विषय दिला, तेव्हा एकदोघीजणी हसल्या. पाण्यावर बोलायचे काय, पाणी तर भरायचे असते! खरे आहे. पाणी भरणे, गाळणे, झाकणे आणि घरच्या माणसाच्या हाती पेला देणे ही सारी कामे आपलीच. म्हणून तो पेला निर्धोक आहे की नाही हे विचारण्याचा पहिला हक्क आपला, आणि पहिली जबाबदारीही आपलीच. पाणी चांगले की वाईट हे डोळ्यांना, नाकाला वा जिभेला कळत नाही. ते तपासूनच कळते. आणि ही तपासणी आपल्याला जमण्यासारखी आहे. एवढीच गोष्ट मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

आपण पाण्याची परीक्षा कशी करतो? पेला उजेडात धरतो. गढूळ नाही, वास नाही, चवीला गोड आहे, म्हणजे पाणी चांगले. ही परीक्षा किती फसवी आहे, हे लंडन शहराने १८५४ साली मोठी किंमत मोजून पाहिले. तेथील ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक हातपंप होता. त्याचे पाणी दिसायला बरेच नितळ आणि लोकांना चवीला आवडे. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस त्या वस्तीत पटकीची साथ उसळली आणि थोड्याच दिवसांत सहाशेंहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर जाऊन विचारपूस केली. कोण मेले, कोणते पाणी पीत होते, याची नोंद केली. त्यांना एक विधवा बाई अशी आढळली, की ती त्या वस्तीत राहतही नव्हती. ती दूर हॅम्पस्टेडला राहायला गेली होती, पण जुन्या पंपाच्या पाण्याची चव आवडे म्हणून ते पाणी ती मुद्दाम मागवून घेई. ती पटकीने गेली. तिची भाची ते पाणी प्यायली, तीही गेली. चवीने दिलेली ग्वाही ही अशी! स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

पण त्या विहिरीत घाण आली कोठून? हे शोधून काढले हेन्री व्हाइटहेड नावाच्या तेथील धर्मोपदेशकाने. पंपाजवळच्या घरात एक तान्हे मूल हगवणीने आजारी होते. त्याची आई दुपटी धुऊन ते पाणी घरापुढच्या शोषखड्ड्यात टाकी. खड्ड्याच्या विटा ढासळल्या होत्या, आणि विहीर तेथून जेमतेम तीन फुटांवर होती. भगिनींनो, त्या आईचा यात काही दोष नव्हता. आजही आपल्यापैकी कित्येकजणी म्हणतात, की तान्ह्या बाळाच्या शीची कसली घाण! विहिरीच्या कठड्याशी, नळाच्या ओट्यावर लंगोट धुतले जातात. बाळाच्या शीतही मोठ्या माणसाच्या शीइतकेच जंतू असू शकतात, हे त्या गोष्टीतून घ्यायचे. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला आपल्याच देशात, कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला. त्या तलावाचे पाणी लोक पीत आणि त्यातच कपडेही धूत.

आता तपासणी कशी होते ते पाहू. पाण्यातून येणारे आजार अनेक आहेत: पटकी, विषमज्वर, आव, हगवण, कावीळ. प्रत्येकाचा जंतू निराळा. एकेक जंतू शोधत बसले तर निकाल येईपर्यंत साथ गावभर होईल. म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात नेहमी राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू आहे. थिओडोर एशरिख या डॉक्टरांनी तो १८८५ साली वर्णन केला. हा जंतू पाण्यात सापडला, तर त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे हे नक्की. मग तिच्याबरोबर आजाराचे जंतू आज आले नसले, तरी उद्या येतील. मांजराचे ठसे ओट्यावर दिसले, की दूध त्याने प्यायले की नाही याची वाट न पाहता आपण दूध झाकतो. तसेच हे आहे.

भारतीय मानक ब्युरोचे २०१२ चे मानक सांगते, की पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात हा जंतू एकही सापडता कामा नये. १०० मिलिलिटर म्हणजे आपला चहाचा एक लहान कप. प्रयोगशाळेत हे पाणी जंतूंना आवडणाऱ्या द्रवात मिसळून नळ्यांमध्ये उबेला ठेवतात. एकदोन दिवसांत जंतू वाढले, की नळीत वायूचे बुडबुडे जमतात. विरजण लागले की नाही हे आपण सकाळी पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

नमुना घेणे मात्र नाजूक काम आहे. बाटली प्रयोगशाळेनेच निर्जंतुक करून दिलेली हवी. तेलाची वा औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. तिच्या तोंडाला व बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाही. बाटली विसळायचीही नाही, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारण्यासाठी तिच्यात आधीच औषध घातलेले असते. नळ दोनतीन मिनिटे वाहू द्यायचा आणि मग बाटली भरायची. वर थोडी जागा रिकामी ठेवायची. नंतर बर्फात ठेवून त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत, ती प्रयोगशाळेत पोचवायची. दोन दिवस खिडकीत पडलेल्या बाटलीचा निकाल खरा धरता येत नाही.

जंतू मारण्याचे आपल्याकडचे मुख्य साधन म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्या वासावरून आपल्याकडे किती कुरकुर होते! कोणी म्हणते पाणी औषधी लागते, कोणी म्हणते चहा बिघडतो. भगिनींनो, तो हलका वास म्हणजे पाण्यावर राखण आहे याची खूण. मानकाप्रमाणे क्लोरीन घातलेल्या पाण्यात घरच्या नळापर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. गावच्या शेवटच्या नळाचे पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ओटीच्या औषधाचे थेंब टाकले, की क्लोरीन असल्यास लगेच पिवळा रंग येतो. रंग आला नाही तर टाकीवाल्याला विचारायला हवे.

ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पोते उघडे वा दमट जागी राहिले की तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. चांगली पावडर असल्यास हजार लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम पुरते. तीन मीटर रुंदीच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या गोल विहिरीत सुमारे २८ हजार लिटर पाणी होते. तिला ७० ग्रॅम लागेल. पावडर कोरडी फेकायची नाही. बादलीत कालवून दहा मिनिटे निवू द्यायची, चुना खाली बसला की वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून हलवायची, आणि तासभर कोणी पाणी काढायचे नाही. रात्री हे काम केले तर सकाळी कोणाचा खोळंबा होत नाही.

परंतु क्लोरीनवर सगळा भार टाकूनही चालत नाही. दिल्लीत १९५५ च्या अखेरीस यमुनेतील सांडपाणी पिण्याचे पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. जलशुद्धीकरण केंद्राने क्लोरीन वाढवला. त्यामुळे विषमज्वर आणि आव वाढली नाही, पण डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये २९ हजारांवर माणसांना कावीळ झाली. ती आज ज्याला हेपॅटायटिस ई म्हणतात ती कावीळ होती, असे पुढे साठवलेल्या रक्ताच्या तपासणीत दिसले. त्या गढूळ पाण्यात तिचे विषाणू क्लोरीनला पुरून उरले. ही कावीळ गरोदर बाईला फार घातक असते. शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस ते पंचवीस बायका दगावू शकतात. आपल्या सुनामुलींच्या जिवाचा हा प्रश्न आहे. म्हणून घाण पाण्यात येऊच न देणे हे पहिले काम, गाळ बसवून पाणी गाळणे हे दुसरे आणि क्लोरीन हे तिसरे.

घाण येते कोठून? जलवाहिनी गटारातून जाते. पाणी चालू असते तोवर आतला जोर बाहेरची घाण आत येऊ देत नाही. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी पडते, आणि तिला फट असली तर गटार आत शिरते. त्यात आपण नळाला थेट मोटर लावतो! मोटर पाण्याबरोबर गटारही ओढते, आणि आपल्या मोटरीने ओढलेली घाण शेजारणीच्या हंड्यात जाते. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेल्या डबक्याचेही तेच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला हातापायांतील शक्ती जाण्याच्या जीबीएस या आजाराचे पुष्कळ रुग्ण निघाले. त्यांतील काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. हा जंतू दूषित पाण्यातून वा कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो. शहराला लागून असणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे.

आता आपल्या घराकडे वळू. नळाला चांगले आलेले पाणी माठात येऊन बिघडले, तर दोष कोणाला द्यायचा? माठात पेला बुडवला की बोटेही बुडतात. म्हणून प्रत्येकीने लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा माठाला तोटी बसवून घ्यावी. ओगराळे खुंटीला टांगावे, झाकणावर पालथे ठेवू नये. माठ आतून घासल्याशिवाय कालच्या पाण्यावर आजचे ओतू नये. गाळण्याबद्दल सांगायचे, तर बांगलादेशात जुनी सुती साडी चारपदरी करून पाणी गाळल्याने पटकी जवळजवळ निम्म्याने घटली, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात, आणि ते किडे पदरात अडकतात. आपल्या आज्यांची रीत खरीच होती. पण सुटा जंतू कापडातून पार जातो, म्हणून गाळण्यापुरते थांबू नये. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. साथीच्या दिवसांत, तसेच बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी, पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी, ती निदान एक मिनिट टिकवावी आणि त्याच भांड्यात झाकून निववावे.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली एक साधी परीक्षा जगापुढे मांडली. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि बाटली उबेला ठेवायची. एकदोन दिवसांत पाणी काळे झाले, की ते पिऊ नये आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. काळे झाले नाही तरी निकाल त्या दिवसापुरताच. म्हणून पावसाळ्याच्या आधी, पावसाळ्यानंतर आणि वाहिनी फुटली की पुन्हा पाहावे. काळी झालेली बाटली उघडी टाकू नये. तीत ब्लीचिंग घालून मगच ती ओतावी. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच बायकांना असे संच वापरायला शिकवण्याची सोय आहे. याला पदवी लागत नाही. मी सातवी शिकलेली, मला बाटलीवरची खूण वाचता येते आणि काळा रंग ओळखता येतो. आणखी काय हवे?

तेव्हा आपल्यातून पाचजणींनी नावे द्यावीत. मंडळाने एक वही ठेवावी. तीत तारीख, कोणता नळ वा विहीर, आणि निकाल लिहावा, व तो देवळाच्या फळ्यावर लावावा. कोणी म्हणेल, पाणी वाईट निघाले तर गावाची बदनामी होईल, पाण्याचे लाल कार्ड मिळेल. मी म्हणते, मिळू दे. लाल कार्ड दुरुस्त करता येते. हिरव्याचे कारण सांगून झाकलेली घाण एखाद्या गरोदर लेकीच्या जिवावर बेतते. आपण दुधात पाणी किती हे ओळखतो, मग पाण्यात काय आहे हे ओळखायला का लाजावे?

नावे चिटणीसबाईंकडे आजच द्यावीत, एवढे सांगून आपली रजा घेते.