पेशीची भिंत

रॉबर्ट हुक यांना १६६५ मध्ये बुचाच्या कापात दिसल्या त्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती. भिंतीचे मोल मात्र जिवंत पेशीतच कळते. कोमेजलेली कोथिंबीर पाण्यात ठेवली, की पेशींतील रिक्तिका पाणी घेऊन फुगतात. सेल्युलोजची भिंत त्यांना आवरून धरते आणि त्या ताणानेच पान ताठ होते.

प्राणिपेशीला अशी भिंत नसते; असते ते केवळ नाजूक पटल. तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकावी, तर ती फुगून फुटते. ‘शुद्ध’ हा शब्द येथे किती फसवा! म्हणूनच रुग्णाच्या शिरेत नुसते पाणी सोडीत नाहीत. मिठाचे ०.९ टक्क्यांचे द्रावण चालते. त्यात रक्तपेशी फुगतही नाही, आक्रसतही नाही.