गुडघ्याची वाटी आणि अरमंडी

कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैहून बोलतेय. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) दरबारातल्या चार भावांनी भरतनाट्यमचा आजचा क्रम बसवला. त्या नाचाचा पाया म्हणजे अरमंडी, गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं.

त्यात माझी वाटी दुखायची, जिना उतरताना तर जास्तच. ‘सवय होईल’ म्हणत राहिले आणि एके दिवशी वाटी बाहेर निसटली.

वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वर-खाली सरकते. पाय खुब्यातून वळायला हवा. तो तिथून पुरेसा वळत नसताना पावलं जबरदस्तीनं फाकवली, की गुडघा पिळतो आणि वाटी बाहेर ओढली जाते.

म्हणून पावलं खुबा वळेल तेवढीच वळवा. दुखलं तर बैठक उंच ठेवा, पण हालचाल पूर्ण थांबवू नका. पाय सरळ ठेवून मांडी आवळा, पाच मोजा, सोडा. कुशीवर झोपून वरचा पाय उचला. ताकद यायला महिने लागतात.

वाटी निसटली, गुडघा सुजला किंवा अडकला, तर मालिश नको, थेट अस्थितज्ज्ञांकडे जा. मुलगी दुखतंय म्हणाली, तर ऐका. तो आळस नसतो.